घाटमाथा आणि टांकींतलें पेट्रोल

महाडहून भोरकडे जाणारी वाट वरंधच्या घाटानें सह्याद्रि चढते. खालीं भाताचीं खाचरें, भोंवतीं तुटलेले कडे. पांथस्थाला हें दृश्य रमणीय वाटतें. एकाच एंजिनाच्या विमानांतील वैमानिकाला मात्र येथें निराळाच प्रश्न पडतो : एंजिन थांबलें तर उतरावयाचें कोठें ?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाचें 'पस् मॉथ' विमान जुहूस आणलें. वाटेंत अहमदाबादेस भरलेलें पेट्रोल चार-चार गॅलनांच्या डब्यांतून, बैलगाडीनें आलें होतें ! पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीमार्गें मद्रासला नेलें. नकाशावर जुहू ते बेल्लारी सरळ रेघ ओढली, तर ती वरंधच्या किंचित् उत्तरेस सह्याद्रि ओलांडून भोरजवळून जाते.

हें अंतर सुमारें ३८० मैल. पस् मॉथची चाल ताशीं शंभर मैलांच्या आसपास. म्हणजे शांत हवेंत पावणेचार तासांहून किंचित् अधिक प्रवास. पण पेट्रोल मैलांनीं जळत नाहीं, तासांनीं जळतें. बेल्लारीहून परततांना समोरून ताशीं वीस मैलांचा वारा असला, तर ज्या वेळेला जुहूस पोंचावयाचें त्या वेळेला विमान घाटमाथ्यावरच असतें, आणि सुमारें पंचाहत्तर मैल उरलेले असतात. पश्चिमेचा वारा माथा ओलांडून देशाकडे खालीं कोसळतो, त्याच्याशीं झुंजतांना पेट्रोल आणखी जळतें. शिवाय कोंकणावर पांच हजार फूट भासणारी उंची माथ्यावर निम्म्याहूनहि कमी उरते. एंजिन बंद पडल्यास तरंगत जाण्यास तितकेंच थोडें अंतर मिळतें. म्हणून पुण्याकडे वळावयाचें कीं पुढें जावयाचें, हा निर्णय डोंगर लागण्यापूर्वीं, देशावरच घ्यावा लागतो. टांकींत तासाभराचें जादा पेट्रोल ठेवावयाचें तें ह्या निर्णयासाठीं. बेत नेहमींच्या हवेवर आंखणारा वैमानिक बहुधा सुखरूप पोंचतो, आणि धोका ह्या 'बहुधा'मध्येंच आहे.

पेट्रोल पुरेसें असूनहि एंजिन थांबतें. डब्यांतल्या पेट्रोलांत पाणी उतरलेलें असे, म्हणून तें मऊ कातड्यांतून गाळून टांकींत ओतीत. पेट्रोल झिरपे, पाणी वर राही. प्लगचीहि तीच कथा. १९३० सालीं आगाखान पारितोषिकाच्या स्पर्धेंत अस्पी एंजिनिअर हे इजिप्तमध्यें अबुकीर येथें प्लगवांचून अडकून पडले. उलट दिशेनें निघालेले प्रतिस्पर्धी टाटा तेथें उतरले आणि त्यांनीं आपल्याजवळचे प्लग दिले. पारितोषिक एंजिनिअर यांना मिळालें. तेच पुढें भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. तेव्हां टाटांचा मुक्काम पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हले. मग मद्रासच्या बाजूच्या विमानाला घाट ओलांडावा लागत नसे. तो वांटा कराचीकडून येणाऱ्या विमानाकडे जाई, आणि तोहि ऐन पावसाळ्यांत.