घोडा, गुडघा आणि लाळ

इ. स. १९०४ च्या उन्हाळ्यांत बर्लिन शहरांत एका घोड्यानें मोठमोठ्या विद्वानांची झोप उडविली होती. घोड्याचें नांव हान्स; जात ऑर्लोव्ह, म्हणजे मूळची रशियांतली. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नांवाचे एक सेवानिवृत्त गणितशिक्षक त्याचे धनी. सुमारें चार वर्षें फळा, मण्यांची चौकट आणि लांकडी खुंट्या यांच्या साहाय्यानें त्यांनीं हान्सला एखाद्या मंदगति पण आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणें शिकविलें होतें. उत्तर चुकलें कीं ओरडा, बरोबर आलें कीं पाव किंवा गाजर. आतां त्यांच्या घराच्या फरसबंद अंगणांत माणसांची दाटी होऊं लागली. बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक, घड्याळांतली वेळ, महिन्याची तारीख, असें कांहींही विचारावें. हान्स उजव्या पायाचा खूर तितक्या वेळां आपटी आणि थांबे. फॉन ऑस्टेन यांनीं या खेळासाठीं कधीं पैसा घेतला नाहीं. प्राण्यांनाही बुद्धि आहे, फक्त त्यांना शाळा मिळत नाहीं, अशी त्या वृद्ध गृहस्थाची प्रामाणिक श्रद्धा होती.

सप्टेंबर महिन्यांत तेरा जणांची एक समिति हान्सची परीक्षा घेण्यास आली. तींत मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुंफ होते, प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते आणि घोड्यांच्या साऱ्या करामती ओळखणारा एक सर्कसचा चालकही होता. समितीनें निर्णय दिला कीं, येथें कोणतीही जाणूनबुजून केलेली लबाडी नाहीं. वर्तमानपत्रांनीं त्याचा अर्थ असा केला कीं, घोड्याला गणित येतें! वस्तुतः लबाडी नाहीं एवढ्यावरून विद्या आहे असें ठरत नाहीं. पण हा भेद लक्षांत घेण्याइतका धीर त्या दिवसांत फारच थोड्यांना होता.

तो धीर श्टुंफ यांचे सहकारी ओस्कार फुंग्स्ट यांच्यापाशीं होता. त्यांची युक्ति आज शाळकरी मुलालाही सुचेल अशी सोपी वाटते. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर काय होतें, एवढेंच त्यांनीं पाहिलें. एकानें हान्सच्या कानांत एक आंकडा सांगावा, दुसऱ्यानें दुसरा, आणि मग बेरीज विचारावी. हान्स खूर आपटीतच राही! डोळ्यांना झापडें बांधलीं आणि प्रश्नकर्ता दिसेनासा झाला, कीं तीच गत. बिचारा मान वांकडी करकरून माणसाकडे पाहण्याची धडपड करी, आणि चिडून चावेही. फुंग्स्ट यांनाही त्याचा प्रसाद मिळाला. उलगडा असा झाला कीं, प्रश्न विचारतांच माणूस नकळत किंचित् पुढें वांकतो; तेवढ्यानें हान्स आरंभ करी. अपेक्षित आंकडा जवळ येतो तसा माणसाचा जीव टांगणीला लागतो, आणि तो आंकडा येतांच डोकें केसभर वर उचललें जातें. तेवढ्यानें हान्स थांबे. फॉन ऑस्टेन यांच्या रुंद कांठाच्या टोपीमुळें ती हालचाल अधिकच ठळक होई. पुढें फुंग्स्ट यांनीं प्रयोगशाळेंत स्वतः घोड्याची भूमिका घेतली आणि समोरच्या माणसाच्या मनांतले आंकडे हातानें ठोकून दाखविले. रहस्य कळल्यावरही स्वतःची डोक्याची हालचाल पूर्णपणें आवरणें त्यांना साधलें नाहीं. हा सर्व शोध त्यांनीं १९०७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

म्हणजे घोडा हुशार होताच, पण निराळ्या विषयांत. परीक्षकच विद्यार्थ्याला उत्तर पुरवीत होता, आणि तें त्याचें त्यालाही ठाऊक नव्हतें. मानसशास्त्रांतील प्रयोग करणाऱ्यांना यानंतर स्वतःकडेच संशयानें पाहणें भाग पडलें. आज नव्या औषधाची कसोटी घेतांना खरें औषध कोणाला आणि साखरेची गोळी कोणाला हें रोग्यापासून व डॉक्टरापासूनही गुप्त ठेवितात. त्या सावधगिरीच्या मागें जी भीति आहे, तीच फुंग्स्ट यांनीं त्या अंगणांत उघडी केली. फॉन ऑस्टेन यांना मात्र हा निकाल कधींच पचला नाहीं. त्यांनीं पुढील प्रयोगांस मनाई केली, आणि १९०९ मध्यें ते कडवट मनानें निवर्तले.

त्याच १९०४ सालच्या अखेरीस अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें मानसशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. एडविन ट्विटमायर या तरुणानें तेथें आपल्या १९०२ च्या प्रबंधांतील एक गोष्ट सांगितली. गुडघ्याखालच्या शिरेवर लहान हातोडी मारली कीं पाय उडतो, हें सर्वांस माहीत आहे. ट्विटमायर हातोडीच्या क्षणभर आधीं घंटा वाजवी. एके दिवशीं घंटा वाजली, हातोडी पडलीच नाहीं, आणि तरीही पाय उडाला! पाय उडविण्याचा आपला मुळींच हेतु नव्हता, असें त्या मनुष्यानें सांगितलें. अध्यक्षस्थानीं विल्यम जेम्स यांच्यासारखा पुरुष. पण भोजनाची वेळ टळून गेली होती. कोणी एकही प्रश्न विचारला नाहीं, सभा उठली, आणि ट्विटमायर पुढें वाचादोषांवरील उपचारांकडे वळला. शास्त्राच्या इतिहासांत भुकेनें बजावलेली कामगिरी कोणीतरी एकदां स्वतंत्रपणें लिहावयास हवी.

कारण त्याच डिसेंबरच्या १२ तारखेस, तिकडे स्टॉकहोममध्यें, भुकेच्याच अभ्यासावर एका रशियन शास्त्रज्ञाचें व्याख्यान चाललें होतें. इव्हान पेत्रोविच पाव्हलोव्ह यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल. १८४९ मध्यें रियाझान गांवीं धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मलेला हा मनुष्य स्वतःही त्याच मार्गाला लागलेला होता. परंतु तो धर्मविद्यालय सोडून सेंट पीटर्सबर्गला शरीरशास्त्राकडे आला. त्याच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांचा जठररस अग्निमांद्यावर औषध म्हणून विकलाही जात असे. लाळेचा अभ्यास करण्यासाठीं कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी शस्त्रक्रियेनें गालाबाहेर आणून थेंब मोजीत. तेथें एक अडचण उभी राहिली. अन्न तोंडांत पडण्याआधींच, भांडें दिसतांच, एवढेंच काय, चाकराचें पाऊल वाजतांच लाळ गळूं लागे.

चिंचेचें नुसतें नांव काढलें तरी तोंडाला पाणी सुटतें, हें सांगावयास प्रयोगशाळा कशाला हवी, असें एखादा श्रोता म्हणेल. पाव्हलोव्हच्या आधींही तें पुष्कळांनीं पाहिलें होतें. फरक पडला तो पुढच्या प्रश्नांत. स्नार्स्की नांवाच्या सहकाऱ्याचें म्हणणें, कुत्र्याला अन्नाची आठवण होते, इच्छा होते, म्हणून लाळ येते. पाव्हलोव्हचें म्हणणें, कुत्र्याची इच्छा कोणी पाहिली आहे? थेंब मात्र मोजतां येतात. वाद इतका विकोपास गेला कीं दोघांचे मार्ग वेगळे झाले. पुढें प्रयोगशाळेंत "कुत्र्याला वाटलें" असें म्हणणाऱ्यास दंड ठेविला होता, असें सांगतात.

१९०१ पासून तोलोचिनोव्ह या सहकाऱ्याबरोबर या नव्या वाटेचें काम सुरू झालें. टकटक करणारा तालमापक कांहीं सेकंद चालवावा, मग मांसाची भुकटी द्यावी. असें अनेकवार केल्यावर नुसत्या टकटकीनें लाळ येते. क्रम उलटा केला, आधीं अन्न व मागून टकटक, तर ती बहुधा येत नाहीं. टकटक वारंवार ऐकवून अन्न दिलेंच नाहीं तर लाळ आटत जाते. पण कांहीं काळ लोटल्यावर पुन्हां थोडी दिसते, म्हणजे शिकलेलें पुसलें जात नाहीं, नुसतें दाबलें जातें. या क्रियेला पाव्हलोव्हनें दिलेल्या रशियन विशेषणाचा अर्थ "अटीवर अवलंबून असलेली" असा आहे. संस्कृताच्या वळणानें "सोपाधिक" म्हणावें. इंग्रजी भाषांतरांत त्या विशेषणाची छटा बदलली. मराठी पाठ्यपुस्तकांत "अभिसंधान" हा शब्द रूढ झाला. जगानें मात्र पाव्हलोव्हच्या हातांत घंटाच दिली. वस्तुतः तिचा उपयोग क्वचित्, तालमापक, दिवे, गुंजणारीं यंत्रें यांचाच अधिक.

पाव्हलोव्हची खरी लढाई हान्सच्या अंगणांतल्याच शत्रूशीं होती. प्रयोग करणाराचा श्वास, त्याची सावली, बाहेरून जाणारी गाडी, यांपैकीं कशानेंही थेंबांची संख्या बदले. म्हणून १९१० पासून सेंट पीटर्सबर्गमध्यें जाड भिंतींची, ध्वनि व कंप आंत न शिरूं देणारी एक इमारत उभारली जाऊं लागली. लोक तिला "मौनाचा मनोरा" म्हणत. आंत कुत्रा एकटा. माणूस भिंतीपलीकडे, दोऱ्या व नळ्या हातांत धरून. एवढ्या कडेकोट बंदोबस्तांतही एक गोष्ट आंत शिरलीच. १९१४ मध्यें शेंगर-क्रेस्तोव्निकोवा या बाईंनीं एका कुत्र्याला वर्तुळ दिसलें कीं अन्न, लंबवर्तुळ दिसलें कीं कांहीं नाहीं, असें शिकविलें. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखें करीत नेलें. दोन अक्षांचें प्रमाण ९ ला ८ झालें तेव्हां कुत्रा ओळखीनासा झाला. आणि आजवर शांत उभा राहणारा तो प्राणी किंकाळ्या फोडूं लागला, यंत्रांना चावूं लागला. पूर्वी सहज ओळखीत असलेला फरकही त्याला कळेनासा झाला. "वाटलें" हा शब्द बंद केलेल्या त्या प्रयोगशाळेला या अवस्थेसाठीं माणसांच्या रोगाचें नांव उसनें घ्यावें लागलें.

क्रांतीनंतरच्या दुष्काळांत यांतलीं कित्येक कुत्रीं उपासानें मेलीं. १९२१ च्या जानेवारींत लेनिनच्या सहीच्या हुकुमानें पाव्हलोव्हला खास शिधा मिळूं लागला. मग २३ सप्टेंबर १९२४ रोजीं नेव्हा नदीला महापूर आला. लेनिनग्राडमधील संस्थेच्या आवारांतील पिंजऱ्यांत पाणी शिरलें. कुत्रीं छताशीं तोंडें वर करून पोहत होतीं. पिंजऱ्यांचीं दारें खालीं असल्यामुळें चाकरांनीं त्यांना आधीं पाण्याखालीं दाबून मग बाहेर ओढलें, आणि पोहवत मुख्य इमारतींत नेलें. थोड्या दिवसांनीं पाहतात तों कित्येकांचें महिनोन् महिने शिकविलेलें नाहींसें झालेलें. टकटक चाले, लाळ येत नसे. समोर ठेविलेलें अन्नही कांहींजण खात नसत. पुष्कळ काळजीनें, खोलींत सोबतीला माणूस बसवून, तें हळूहळू परत आणलें. मग स्पेरान्स्की या सहकाऱ्यानें एके दिवशीं दाराच्या फटींतून पाण्याची एक बारीक धार खोलींत सोडली. कुत्रा दचकून उभा राहिला, फरशीकडे पाहूं लागला, थरथरूं लागला. आणि त्या दिवशीं तालमापक चालविला तेव्हां नळींतून थेंब पडला नाहीं.