सिन्नर

सिन्नर : महाराष्ट्र राज्याच्या नाशिक जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्यालय, यादवांच्या आरंभीच्या काळातील राजधानी मानले गेलेले नगर आणि गोंदेश्वर या शिवपंचायतनासाठी प्रसिद्ध असलेले पर्यटनस्थळ. लोकसंख्या सुमारे ३१,६०० (२००१). सुमारे ६५,००० (२०११). नाशिकच्या आग्नेयेस सुमारे ३० किमी. अंतरावर, नाशिक–पुणे राष्ट्रीय महामार्गावर ते वसले असून शिर्डीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. नाशिक रोड हे सर्वांत सोयीचे रेल्वेस्थानक आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून जातो. त्याचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाल्यानंतर गोंदे येथील फाट्यावरून सिन्नरला येणे सुलभ झाले आहे. तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ व तुलनेने अधिक पावसाचा, तर पूर्व भाग सपाट व अवर्षणप्रवण आहे. पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावणारी देवनदी पुढे गोदावरीस मिळते.

सिन्नरचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. १०६९ च्या ताम्रपटात ‘सिंदिनेर’ या रूपात आढळतो, असे मानले जाते. सिंदीनगर, सिंदिनेर आणि सिन्नर अशी नावाची परंपरा अभ्यासकांनी लावली आहे. यादव घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याची सत्ता चंद्रादित्यपूर, म्हणजे आजचे चांदवड, येथे होती आणि त्याचा मुलगा सेऊणचंद्र याच्या नावावरून या प्रदेशास सेऊणदेश हे नाव पडले. आरंभी राष्ट्रकूटांचे व नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या या घराण्याने पुढे सिन्नर येथून कारभार केला. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र सत्ता स्थापून देवगिरीस राजधानी नेली, तेव्हा सिन्नरचे राजकीय महत्त्व कमी झाले. स्थानिक परंपरा मात्र गावाच्या स्थापनेचे श्रेय राव शिंगुणी या गवळी राजास आणि गोंदेश्वराच्या बांधकामाचे श्रेय त्याचा पुत्र राव गोविंद यास देते. या मंदिरावर दोन लाख रुपये खर्च झाल्याची आख्यायिका एकोणिसाव्या शतकातील जिल्हा गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. राव गोविंद हा यादव घराण्यातील गोविंदराज असावा व ‘गोविंदेश्वर’ या नावाचाच अपभ्रंश होऊन ‘गोंदेश्वर’ झाले असावे, असे एक मत आहे.

गोंदेश्वर मंदिर गावाच्या ईशान्येस दगडी प्राकाराने, म्हणजे आवाराच्या भिंतीने, वेढलेल्या प्रशस्त जागेत आहे. बांधणीच्या शैलीवरून ते सामान्यतः बाराव्या शतकातील मानले जाते. एका उंच सामाईक जोत्यावर मध्यभागी शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, सूर्य व पार्वती यांची लहान मंदिरे अशी त्याची मांडणी आहे. मुख्य देवता मध्ये व उर्वरित चार देवता भोवती, अशा पाच मंदिरांच्या समूहास पंचायतन म्हणतात आणि मध्यभागी शिव असल्यास ते शिवपंचायतन होते. मुख्य मंदिर पूर्वाभिमुख असून त्याच्या समोर स्वतंत्र नंदिमंडप आहे. गर्भगृह, अंतराळ (गर्भगृह व मंडप यांना जोडणारा लहान भाग) आणि सभामंडप ही त्याची मुख्य अंगे होत. सभामंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप, म्हणजे खांबांवर उभे असलेले प्रवेशाचे सोपे, आहेत. मंडपाच्या खांबांवर चौरस, अष्टकोनी व वर्तुळाकार छेद एकावर एक घेतलेले असून त्यांवरील कोरीवकाम बाहेरच्या भिंतींवरील कामापेक्षा चांगल्या स्थितीत आहे. बाहेरील कोरीवकामात देवदेवता व सुरसुंदरी यांच्या मूर्तींबरोबर रामायणातील प्रसंगही आढळतात; परंतु स्थानिक काळा दगड ऊनपावसाने झिजल्यामुळे त्यांतील अनेक आकृतींचे चेहरे पुसट झाले आहेत.

मंदिराचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखराच्या चारही दर्शनी बाजूंच्या मध्यावरून तळापासून माथ्यापर्यंत निमुळती होत जाणारी, जाळीदार नक्षीची एकेक उभी पट्टी असते. तिला लता म्हणतात. दोन लतांमधील भागात छोट्या खांबांवर बसविलेल्या लघुशिखरांच्या, म्हणजे कूटांच्या, रांगा एकीवर एक रचलेल्या असतात आणि वर जाताना त्या लघुशिखरांचा आकार क्रमाने लहान होत जातो. त्यामुळे जोत्याच्या कोपऱ्यावर उभे राहून वर पाहिले असता उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी लघुशिखरांच्या ओळी नजरेस पडतात व एका मोठ्या शिखरात अनेक लहान शिखरे सामावल्याचे दिसते. चारही उपमंदिरांची शिखरे याच रचनेची लहान रूपे असल्याने पंचायतनाच्या एकंदर घडणीत एकसूत्रता आली आहे. सभामंडपाचे छत याउलट पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारे आहे. उत्तरेकडील बाजूस गर्भगृहातील अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारी मकरमुखी प्रणाल आहे. मकर म्हणजे मगर, हत्ती व मासा यांच्या अवयवांतून कल्पिलेला जलचर. मंदिरात पूजाअर्चा चालू असल्याने ही प्रणाल केवळ शोभेची राहिलेली नाही.

भूमिज पद्धतीचा विकास माळव्यात परमारांच्या राजवटीत झाला व उदयपूरचे उदयेश्वर मंदिर (अकरावे शतक) हे तिचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रातील तिचे आरंभीचे दिनांकित उदाहरण म्हणजे शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख असलेले अंबरनाथ येथील शिवमंदिर. शिल्पांची विपुलता व सफाई यांत अंबरनाथ सिन्नरपेक्षा सरस आहे; परंतु तेथील शिखराचा वरचा भाग ढासळलेला आहे. गोंदेश्वराचे शिखर व उपमंदिरे मोठ्या प्रमाणावर मूळ रूपात टिकून असल्यामुळे भूमिज पंचायतनाची संपूर्ण कल्पना येण्याच्या दृष्टीने दख्खनमध्ये या मंदिराची योग्यता मोठी आहे. बोलीत त्यास ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे. चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत खाचा पाडून बसविण्याच्या पद्धतीस हे नाव रूढ झाले. परंतु ज्या हेमाद्री ऊर्फ हेमाडपंताच्या नावावरून ते आले, तो महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याने गोंदेश्वराशी त्याचा प्रत्यक्ष संबंध जोडता येत नाही. मंदिर १९०९ पासून संरक्षित स्मारक असून त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी येथे मोठी गर्दी होते; शिल्पे निवांत पाहू इच्छिणाऱ्यांनी ते दिवस टाळून सकाळची वेळ धरावी, कारण मंदिर पूर्वाभिमुख असल्याने त्या वेळी मुखमंडप व नंदिमंडप यांवर उजेड चांगला पडतो.

गावातील दुसरे प्राचीन मंदिर ऐश्वरेश्वराचे असून ते ‘आयेश्वर’ या नावाने परिचित आहे. ते आकाराने लहान आहे व त्याचे शिखर उरलेले नाही. तथापि मंडपातून गर्भगृहाकडे जाताना लागणारे कोरीव मकरतोरण, म्हणजे दोन बाजूंच्या मकरांच्या मुखांतून निघणारी शोभिवंत कमान, हे त्याचे वैशिष्ट्य होय. बरेच प्रवासी गोंदेश्वर पाहूनच परततात व हे मंदिर त्यांच्याकडून राहून जाते.

सिन्नरजवळ माळेगाव औद्योगिक क्षेत्रात ‘गारगोटी’ हे खनिजसंग्रहालय आहे. नौदलातील माजी कर्मचारी के. सी. पांडे यांनी उभारलेल्या या संग्रहालयात झिओलाइट गटातील खनिजांचा मोठा संग्रह आहे. दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांनी बनले असून तो रस थिजताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या उष्ण, क्षारयुक्त पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट इत्यादी झिओलाइट खनिजांचे व त्यांच्या सोबतीने आढळणाऱ्या अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक तयार झाले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर सापडणारे हे स्फटिक पूर्वी खडीबरोबर फोडले जात. संग्रहालयात हिरवट अ‍ॅपोफिलाइट, पंख्यासारखे उलगडलेले गुलाबी स्टिल्बाइट आणि पुण्याजवळील वाघोली येथील निळे कॅव्हान्साइट मूळ काळ्या खडकासह मांडलेले असल्यामुळे शालेय सहलींना हे ठिकाण विशेष उपयुक्त ठरते.

सिन्नरच्या दक्षिणेस असलेले डुबेरे हे पहिल्या बाजीराव पेशव्यांचे जन्मस्थान होय. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई या डुबेऱ्याच्या बर्वे घराण्यातील असल्याने त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी आजोळी झाला. बर्वे यांचा वाडा गावात आहे. गावालगतच्या डुबेरगडावर देवीचे मंदिर असून चढण सोपी असल्याने तेथे सहकुटुंब जाणारे पुष्कळ असतात. आड, औंढा व पट्टा हे किल्ले याच डोंगररांगेच्या परिसरात येतात. सुमारे १,३९० मी. उंचीचा पट्टा किल्ला नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर असून, जालन्याच्या स्वारीहून परतताना १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे विश्रांती घेतल्यामुळे त्यास विश्रामगड हे नाव मिळाले. पट्ट्यावरून औंढ्याकडे धारेने जाणारी वाट गिर्यारोहकांच्या परिचयाची आहे. आसपासच्या पठारांवर आता पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. पुणे रस्त्यावरील नांदूर-शिंगोटे येथे ऑक्टोबर १८५७ मध्ये भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखालील भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक हेन्री मारला गेला. भागोजी नाईक स्वतः नोव्हेंबर १८५९ मध्ये तालुक्यातील मिठसागरे येथील लढाईत धारातीर्थी पडले.

ग्रामदैवत भैरवनाथाची यात्रा चैत्रात भरते व तीत रथ ओढला जातो. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास जाताना ज्येष्ठात सिन्नर तालुक्यातून जाते. तालुक्यातील दातली येथे तिचे गोल रिंगण होते. रिंगण म्हणजे वारकऱ्यांनी केलेल्या वर्तुळाच्या मोकळ्या पट्ट्यातून पालखीच्या अश्वाने धावणे होय. अश्व पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकरी पुढे सरसावतात. हा सोहळा पाहण्यासाठी पंचक्रोशीतील लोक सकाळपासून शेताच्या बांधांवर जागा धरून बसतात. हिवाळ्यात पक्षिनिरीक्षणासाठी जाणाऱ्यांना शेजारच्या निफाड तालुक्यातील नांदूर-मधमेश्वर हे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील अभयारण्य सोयीचे आहे; २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय.

विड्या वळणे व हातमाग हे येथील जुने व्यवसाय असून माळेगाव व मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. बाजरी, कांदा, सोयाबीन, डाळिंब व भाजीपाला ही तालुक्यातील प्रमुख पिके होत. देवनदीवर जुने वळणबंधारे आहेत. नदीचे पाणी ठेंगण्या बंधाऱ्याने अडवून ते केवळ उताराच्या जोरावर पाटाने शेतांत नेण्याची ही पद्धत असून, नादुरुस्त झालेल्या बंधाऱ्यांपैकी बरेच ‘युवा मित्र’ या संस्थेने लोकसहभागातून पुन्हा चालू केले. गुळवंच येथे १,३५० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प उभारण्यात आला आहे. येथील नगरपालिका १८६० मध्ये स्थापन झाली.

सिन्नरला भेट देण्यास पावसाळ्याची अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. नाशिकहून सकाळी निघाल्यास गोंदेश्वर, आयेश्वर, गारगोटी संग्रहालय व डुबेरे ही स्थळे एका दिवसात पाहून होतात. पट्टा व औंढा यांसाठी स्वतंत्र दिवस राखावा लागतो. शिर्डीस जाणारे बहुसंख्य प्रवासी बाह्यवळण रस्त्याने सिन्नर ओलांडून पुढे जातात. त्या रस्त्यावरून गोंदेश्वरास जाण्यास काही मिनिटेच लागतात.