मुंबई ते लंडन : हवाई अंतराची हकीकत

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन यांमध्यें दोरा ताणून धरला, तर त्याची लांबी सुमारें ४,५०० मैल, म्हणजे ७,२०० किलोमीटर भरते. हें अंतर आहे तेवढेंच राहिलें. प्रवासाचा वेळ मात्र सारखा बदलत गेला. विमानें वेगवान झालीं म्हणून तो घटला, ही समजूत अर्धीच खरी आहे. मध्यें उतरावयास जागा कोठें, आणि कोणाच्या आकाशांतून जाण्यास मुभा, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे होते.

१९२९ च्या ३० मार्च रोजीं इंपीरियल एअरवेजनें लंडन-कराची सेवा सुरू केली. आगबोटीला मुंबईहून विलायत गांठण्यास सुमारें दोन आठवडे लागत. ही सेवा सात दिवसांत कराचीस आणी. त्या सात दिवसांचा हिशेब मोठा मौजेचा आहे. लंडनहून बाझेलपर्यंत विमान; तेथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी; पुढें भूमध्य समुद्रावर पाण्यांत उतरणारें विमान; आणि ईजिप्तपासून पुन्हां जमिनीवरचें विमान. वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे सारी वाट उडूनच काटली असती तरी पन्नास-एक तास पुरते. उरलेला काळ आगगाडींत, इंधन भरण्यांत आणि रात्रीच्या मुक्कामांत जाई. अम्मान ते बगदाद या वाळवंटांत खूण म्हणावी अशी एकही वस्तु नव्हती. म्हणून मोटारींच्या चाकांचे माग आणि कांहीं ठिकाणीं नांगरानें काढलेला तास पाहात वैमानिक वाट धरीत.

इराणी किनाऱ्यावरची वाट पुढें करार न टिकल्यामुळें सोडावी लागली, आणि १९३२ सालीं मार्ग अरबी किनाऱ्यावर, शारजाकडे वळला. त्याच वर्षीं १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूस विमान उतरविलें. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडींतून आले होते! अशा रीतीनें मुंबई या मार्गास जोडली गेली.

१९४८ च्या ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ हें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालें. कैरो आणि जिनिव्हा एवढेच दोन थांबे, वाट सुमारें पांच हजार मैलांची, आणि वेळ साधारण एका अहोरात्राचा. हवाबंद कक्षामुळें तें ढगांच्या वरून जाऊं शकत असे. रात्रीचा मुक्काम तर उरलाच नव्हता. १९६० सालीं जेट विमानें आलीं. पुढें थांबेही गेले, आणि हा प्रवास नऊ-दहा तासांवर आला. लंडनकडे जातांना वारा समोरून येतो, म्हणून त्या दिशेस वेळ अधिक लागतो.

आकाशाच्या मुभेचा प्रश्न मात्र मिटला नाहीं. २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळांत पाकिस्तानचें आकाश भारतीय विमानांना बंद होतें. पश्चिमेस जाणाऱ्या कित्येक विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. दिल्ली-इस्तंबूल विमानाला तर इंधनासाठीं पुन्हां वाटेंत, दोहा येथें, उतरावें लागे.