काजूच्या भट्टीची परिभाषा : मालवणी किनाऱ्यावरील एका मद्याचा शब्देतिहास

ज्या व्यवसायाची दप्तरे राहिली नाहीत, त्याच्या इतिहासाला त्या व्यवसायातील शब्द हेच साधन उरते. मालवणपासून तेरेखोलपर्यंतच्या किनारपट्टीत आणि तिला लागून असलेल्या गोव्यात काजूच्या बोंडूंपासून गाळले जाणारे मद्य हे याचे बोलके उदाहरण होय.

काजूचे झाड मूळचे ब्राझीलमधील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आले. त्याचे नावही तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या द्वारे आपल्याकडे पोहोचले. झाड परके, नाव परके. तथापि फळ भट्टीकडे वळताच शब्दसृष्टी पालटते. फाल्गुन-चैत्रापासून गळून पडणारी बोंडे तुडवून, चोथ्यावर दगडाचे वजन ठेवले असता निथळणारा रस तो 'निरो'. आंबलेला रस ज्यात चढवितात ते 'भाण'. पहिल्या गाळपाचे सौम्य मद्य 'उर्राक'. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळले की 'फेणी'. 'निरो' हा 'नीर' या शब्दाच्या आणि 'भाण' हा भांड्याच्या कुळातील दिसतो. 'फेणी'चा संबंध संस्कृत 'फेन' या शब्दाशी जोडतात. मद्य हलवून उठणाऱ्या बुडबुड्यांवरून त्याचा कस पाहण्याची रीत लक्षात घेता ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. 'उर्राक' मात्र अरबी 'अरक' या शब्दाचे रूप आहे.

याच शब्दापाशी कालक्रमाचा धागा सापडतो. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा शब्द आढळतो. पण तो माडाच्या सुरेपासून गाळलेल्या मद्यासाठी. काजूचे वर्णन त्या ग्रंथात नाही. म्हणजे नाव काजूच्या मद्याहून जुने आहे. माडी काढणाऱ्यांनी व गाळणाऱ्यांनी नव्या फळाला आपली जुनी भट्टी दिली, आणि भट्टीबरोबर तिची परिभाषाही दिली. फेणी ही पोर्तुगीजांची देणगी, असे सरसकट विधान या पुराव्यापुढे टिकत नाही. त्यांनी झाड दिले. कसब येथलेच होते.

तुलनेसाठी जपानकडे पाहावे. क्योटो येथे २०१६ पासून तयार होणाऱ्या जिनमध्ये युझू, सान्शो व हिरवा चहा असे तेथील पदार्थ घालतात. नाव मात्र लॅटिन 'जुनिपेरस'पासून डच व इंग्रजी मार्गाने आलेले. तेथे परक्या नावात स्वदेशी ऋतू उतरला. आपल्याकडे परक्या फळाला जुनी नावे लाभली.

पुढचा इतिहास कायद्याचा आहे. ब्रिटिश अमलातील रत्नागिरी जिल्ह्यात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी व मद्य परवान्याखाली आले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने निर्बंध अधिक कठोर झाले. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट असल्याने तेथील भट्ट्या या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. परिणाम आज स्पष्ट आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली तेथील शासनाने तिला वारसा-पेय मानले. अलीकडच्या बाजूस तेच कसब चोरटे ठरले, आणि त्याची परिभाषा दबक्या आवाजात बोलली जाऊ लागली. २०२२ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहफुले यांच्या मद्याला 'देशी' वर्गातून काढून 'विदेशी' मानण्याचे ठरविले. व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय हितकर असेल. पण ज्याची नावे जुन्या भट्टीची साक्ष देतात, त्याला विदेशी म्हणावे लागणे हा शब्देतिहासातील विलक्षण विपर्यास होय.

मद्यपान इष्ट की अनिष्ट, हा येथील प्रश्न नव्हे. भट्टी विझली की प्रथम शब्द विझतात, आणि शब्दांबरोबर पुरावाही जातो. गोव्याच्या बाजूस ही परिभाषा व्यापारामुळे काही अंशी टिकेल. वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग या भागांतील भांड्यांची, मापांची व धारांची नावे मात्र वृद्ध जाणकारांच्या तोंडून आताच टिपून घेतली पाहिजेत. मालवणी बोलीच्या अभ्यासकांनी हे काम पुढील काजूच्या हंगामापूर्वी हाती घ्यावे.