चिकटवही किती वर्षं टिकते?

पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्क्रॅपबुकचं सामान मागितलंत, तर दुकानदार काउंटरवर ढीग मांडतो. नक्षीचे पंच, वॉशी टेप, रबरी ठसे, क्विलिंगच्या पट्ट्या, कोरीव कडांच्या कात्र्या आणि कागद तर किती तऱ्हांचे! त्यातल्या महागड्या पाकिटांवर बारीक अक्षरांत ‘अ‍ॅसिड-फ्री’ असं छापलेलं असतं. माझ्याकडे कागदकाम शिकायला येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया हटकून विचारतात, “मावशी, रंग तोच, जाडी तीच. मग ह्याला जास्त पैसे का मोजायचे?”

मी वाचनालयात ग्रंथपाल होते. फाटकी पुस्तकं सांधता सांधता कागद ओळखायला शिकले आणि निवृत्तीनंतर कात्री-डिंकाच्या या छंदात रमले. त्या मुलींच्या प्रश्नाचं उत्तर मला आवडतं, कारण ते द्यायचं तर चिकटवहीचा अडीचशे वर्षांचा इतिहासच सांगावा लागतो.

तो इंग्लंडपासून सुरू करू. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर नावाच्या एका पाद्र्याने इंग्लंडमधल्या नामवंतांचा चरित्रकोश छापला. तो वाचणाऱ्या हौशी लोकांना वेड लागलं, की ज्या माणसाबद्दल वाचतो आहोत त्याचं चित्रही त्याच पानाशेजारी असायला हवं. मग दुसऱ्या पुस्तकांतली चित्रं कापायची, आपल्या प्रतीत घालायची आणि ती नव्याने बांधून घ्यायची, हा प्रकार इतका बोकाळला की त्यापायी कितीतरी चांगली सचित्र पुस्तकं मोडली गेली. ग्रंथपाल म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. पण छापील वस्तू आपल्या मनाप्रमाणे नव्याने जुळवण्याची जी ऊर्मी त्यात होती, तीच पुढे चिकटवहीत उतरली.

त्याच काळात मेरी डिलेनी ही विधवा बाई कागदाला अगदी वेगळ्या वाटेने भिडली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिने कागद कापून फुलं करायला घेतली. काळ्या रंगाने माखलेल्या कागदावर ती रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे एकावर एक चिकटवी. पाकळीची उजेडातली बाजू एका तुकड्याची, सावलीतली दुसऱ्याची, शीर तिसऱ्याची आणि केसर तर केसाइतके बारीक. एकेका फुलाला असे शेकडो तुकडे लागत. काही ठिकाणी तिने खऱ्या झाडाचं पानही चिकटवलं. फूल समोर ठेवून, त्याचे भाग मोजून ती काम करत असल्यामुळे वनस्पतीशास्त्राच्या जाणकारांनीही ही चित्रं वाखाणली. दृष्टी अधू होईपर्यंत, म्हणजे १७८२ पर्यंत, तिने अशी ९८५ चित्रं केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. उतारवयात हात कशाला गुंतवायचे असं मला कुणी विचारलं, की मी डिलेनीबाईंचं नाव घेते.

तेव्हा रंगीत कागद ही मात्र श्रीमंतांची चैन होती. सामान्य घरात रंगीत चित्र आलं ते शिळाछापामुळे. बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस दगडावरून छापण्याची युक्ती काढली. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये गोदफ्रुआ एंगेलमानने बहुरंगी शिळाछापाचं पेटंट घेतलं. एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड लागायचा आणि प्रत्येक छाप आधीच्या छापावर नेमका बसावा लागायचा. जर्मन छापखाने या कामात सर्वांच्या पुढे गेले. त्यांनी फुलं, देवदूत, मुलं, कुत्री-मांजरं यांची चित्रं छापली, ठशाने उठावदार केली आणि साच्याने आकारात कापून तावच्या ताव विकायला काढले. तावावरची चित्रं कागदाच्या इवल्याशा पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत. पट्टी कापली की चित्र सुटं. इंग्रजीत या चित्रांनाच ‘स्क्रॅप’ म्हणत. व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमध्ये बायका-मुलांनी ती वह्यांत, पेट्यांवर, घडीच्या पडद्यांवर चिकटवली. आज आपण स्टिकरची पानं विकत घेतो, त्यांचं घराणं हेच.

ही जर्मन कला आपल्याकडेही आली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या तंत्रज्ञाने तो विकत घेतला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या आणि आपल्या बायकांनी त्यांच्यावर स्वतःची कारागिरी केली. चित्रातल्या साडीवर खरं कापड चिकटवलं, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले. त्यांना ‘स्क्रॅपबुकिंग’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण छापील चित्र आपलंसं करण्याची ही कला त्यांनी आपापल्या घरात वाढवली.

माझ्या मिरजेच्या आत्याची चिकटवही माझ्याकडे आहे. वही कसली, दुकानातली जुनी जमाखर्चाची चोपडीच ती. आत हातकागदाची पानं आहेत आणि चित्रांच्या कडेने अजून मोडी आकडे डोकावतात. एका पानावर वरच्या बाजूला काड्यापेटीवरची चित्रं आहेत, हत्ती, वाघ, मोर. त्याखाली कापडाच्या ताग्यावर लावलेलं मँचेस्टरचं तिकीट, त्यावर सोनेरी चौकटीत कृष्ण. मध्यभागी पोस्टकार्डाएवढी सरस्वती, तिच्या पदराला चिमूटभर जर. आणि तळाशी वर्तमानपत्राचं कात्रण. आत्याने सगळं मैद्याच्या खळीने चिकटवलं होतं आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला होता. काही कडांना त्याची निळसर झाक अजून दिसते.

हे पान मी वर्गात मुद्दाम दाखवते. एकच हात, एकच खळ, एकच कपाट. चोपडीचा कागद आजही वाकवला तर वाकतो, सरस्वतीचे रंग शाबूत आहेत. कात्रण मात्र तपकिरी पडलं आहे. बोट लागलं तर त्याचा भुगा होतो, आणि ज्या पानाला ते टेकून होतं, त्यावरही तेवढाच तपकिरी चौकोन उमटला आहे.

वर्तमानपत्राने चिकटवहीला सर्वांत जास्त खाद्य पुरवलं आणि तिचं सर्वांत जास्त नुकसानही केलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वर्तमानपत्रं इतकी स्वस्त झाली, की कात्रणं लावणं हा घराघरातला उद्योग बनला. वहीला पैसे नसले तर लोक जुने सरकारी अहवाल घेऊन त्यांच्या पानांवर कात्रणं चिकटवत, अगदी आमच्या आत्यासारखी. लेखक मार्क ट्वेन स्वतः कात्रणांचा शौकीन. डिंकाच्या बाटलीला कंटाळून त्याने आधीच गोंदाच्या पट्ट्या लावलेल्या पानांची वही काढली. पट्टी ओली करा आणि कात्रण दाबा. १८७३ मध्ये तिचं पेटंट त्याला मिळालं. आयुष्यात त्याने तीन पेटंटं घेतली, त्यांपैकी याच वहीने त्याला बरे पैसे मिळवून दिले.

पण माझ्या मते त्या काळचा सर्वांत मोठा चिकटवहीकार फिलाडेल्फियाचा विल्यम डॉर्सी. गुलामगिरीतून निसटून आलेल्या आणि पुढे शहरातला नामांकित केटरर झालेल्या बापाचा हा मुलगा. काळ्या माणसांबद्दल छापून आलेली बातमी दिसली की तो ती कापून ठेवायचा. जवळपास चारशे वह्या त्याने भरल्या. ज्या समाजाचा इतिहास तेव्हा कोणी लिहीत नव्हतं, त्याचा तो इतिहास होता, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी त्याच्या संग्रहाच्या आधारे त्या शहराचा इतिहास लिहिला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या सुझन अँथनीने आपल्या चळवळीची कात्रणं अशीच वह्यांत लावली आणि १९०३ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहासोबत लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. चिकटवही म्हणजे रिकामपणाचा उद्योग असं कुणी म्हटलं, तर ही दोन नावं पुरेशी आहेत.

आता त्या तपकिरी कात्रणाकडे वळू. जुना कागद सुती चिंध्यांपासून बनायचा, त्याचा तंतू लांब आणि चिवट. १८०७ मध्ये जर्मनीत मॉरिट्झ इलिगने कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची रीत काढली. तुरटीने कागदात आम्ल शिरलं. १८४०च्या दशकात फ्रीडरिश केलरने लाकूड घासून लगदा करायची पद्धत शोधली आणि शतक सरता सरता वर्तमानपत्रं त्याच कागदावर छापली जाऊ लागली. लाकडात लिग्निन असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. आम्ल तंतू तोडत राहतं आणि कागद कडकड मोडू लागतो. आम्ल एका जागी थांबतही नाही, शेजारच्या पानात उतरतं. अमेरिकेत विल्यम बॅरो या दुरुस्ती-कारागिराने विसाव्या शतकाच्या मध्याला पुस्तकांच्या कागदाच्या चाचण्या घेऊन हे रीतसर मांडलं, तेव्हा ग्रंथालयं खडबडून जागी झाली.

घरं जागी व्हायला आणखी वेळ लागला. आपल्याकडे पूर्वी फोटोंचे अल्बम काळ्या जाड पानांचे असत. फोटो कोपऱ्यांच्या खाचेत बसवलेला, मधे बटरपेपर. नंतर आले ते चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम. लग्नाचे, बारशाचे फोटो भराभर त्यांत गेले. काही वर्षांत गोंद पिवळा पडला आणि फोटो पानाला असे धरून बसले की काढताना फाटू लागले. कितीतरी घरांतल्या आठवणी अशा अडकल्या आहेत. माझ्याकडे असे अल्बम आणले जातात, तेव्हा मी दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढत नेते. घाई केली की चेहरा गेलाच म्हणून समजा.

आजच्या छंदाचा जन्म याच काळजीतून झाला. अमेरिकेत युटा राज्यात मॉर्मन पंथाचे लोक कुटुंबाची नोंद ठेवणं हे धर्मकर्तव्य मानतात. त्यांतल्याच मेरिलेन क्रिस्टेन्सेन या गृहिणीने मुलांचे फोटो आणि घरचे कागद पारदर्शक पाकिटांत, टिकाऊ कागदावर, हकिकतीसह लावायला सुरुवात केली. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत वंशावळ-नोंदींची जागतिक परिषद भरली, तिथे तिने पन्नासाहून अधिक वह्या मांडल्या. सामान कुठे मिळेल म्हणून विचारणा सुरू झाली आणि नवऱ्याच्या साथीने तिने स्पॅनिश फोर्क या गावी त्याचं दुकान काढलं. १९८७ मध्ये मिनेसोटात क्रिएटिव्ह मेमरीज ही कंपनी निघाली. टपरवेअर विकावं तसं तिच्या विक्रेत्या बायकांनी घरोघरी बैठका भरवून अल्बमही विकले आणि ते करायलाही शिकवलं. नव्वदच्या दशकात मासिकं आली, दुकानं आली. पुढे फोटो मोबाइलमध्येच राहू लागले तशी भरभराट ओसरली. २००८ मध्ये त्या कंपनीच्या मालक संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. छंद मात्र जगला आणि कागद विकणाऱ्यांना एक सवय लावून गेला. आपला माल आम्लरहित आहे की नाही, हे पाकिटावर सांगावं लागतं.

आपल्याला त्यासाठी परदेशी पाकिटाची वाट पाहायची गरज नाही. पेशवाईतले मोडी कागद जुन्नरच्या हातकागदावर लिहिलेले आहेत आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात अभ्यासक ते आजही उलगडून वाचतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं कागद बनत आला. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी हा धंदा सावरायला घेतला आणि १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. चिंध्यांपासून कागद करण्याची जुनी विद्या तिने चालू ठेवली. वहीची पानं अशा सुती हातकागदाची घेतली, की माझ्या विद्यार्थिनींचा प्रश्न निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा त्यांच्या हातात आहे. फोटोला पाठीमागून गोंद फासू नका, कोपरे लावा. वर्तमानपत्राचं कात्रण थेट न लावता चांगल्या कागदावर त्याची प्रत काढून लावा. सेलोटेप वहीच्या आसपासही आणू नका. लेस, मणी, कागदी फुलं हवी तेवढी लावा, फक्त ती समोरच्या पानावरच्या फोटोला घासणार नाहीत एवढं पाहा. आणि प्रत्येक फोटोखाली मऊ पेन्सिलीने माणसांची पूर्ण नावं, गाव आणि साल लिहा. आमच्या आत्याने ते लिहिलं नाही, म्हणून तिच्या वहीतल्या एका गटफोटोतली माणसं आज आम्हा कुणालाच ओळखता येत नाहीत. तुमच्या घरी नावं सांगणारं वडीलधारं माणूस असेल, तर सजावट नंतर करा, आधी त्यांच्यापाशी बसून नावं लिहून घ्या.