कडी नसलेलं घर

रॉबर्ट स्टीफन्सनने 1850 साली स्वतःसाठी एक लोखंडी यॉट घेतली. नाव 'टायटॅनिया', भार शंभर टनांच्या आसपास, चालायची शिडांवर. ज्या घराण्याचं नाव वाफेच्या इंजिनांमुळे जगभर झालं, त्यातल्या माणसाने फावल्या वेळासाठी वाऱ्यावर चालणारं वाहन निवडावं ही गंमतच. कारण मात्र साधं होतं. लंडनमध्ये हाइड पार्कजवळच्या त्याच्या घरी माणसांची रीघ लागलेली असायची. कुणाला नव्या रेल्वेसाठी त्याचं नाव हवं, कुणाला नोकरी, कुणाला आपल्या शोधाबद्दल दोन शब्द. बायको 1842 सालीच वारलेली, मूलबाळ नाही. घर म्हणजे ऑफिसचाच दुसरा मजला झालेला. यॉटला तो 'दाराला कडी नसलेलं घर' म्हणायचा. वाजवायला कडीच नाही, तर वाजवणार कोण?

कामाचे तास संपल्यावर डोक्यातून काम काढून कसं टाकायचं, हा प्रश्न आपल्याला लॅपटॉप आणि मोबाइलच्या काळातला वाटतो. रात्री अडीचला सर्व्हर पडला म्हणून ज्याचा फोन वाजतो त्याला तो तसा वाटणं साहजिक आहे. पण स्टीफन्सनच्या पिढीकडे बघितलं, की या दुखण्याचं वय कळतं. शिवाय त्या पिढीला 'कामाचे तास' ही भानगडच नव्हती. 1845 साली रेल्वेचं वेड शिगेला पोचलं तेव्हा नव्या मार्गांचे नकाशे 30 नोव्हेंबरच्या आत सरकारदरबारी दाखल करायचे होते. त्याआधीचे आठवडे देशभरातल्या सर्व्हेअरांनी आणि ड्राफ्ट्समननी रात्रीचे दिवस करून काढले.

स्टीफन्सनची झोप उडण्याला आणखी एक कारण होतं. 24 मे 1847 रोजी चेस्टरजवळ डी नदीवरचा त्याने आखलेला पूल गाडीखाली मोडला आणि पाच माणसं मेली. तुळया ओतीव लोखंडाच्या होत्या. चौकशीत त्याच्यावर मनुष्यवधाचा ठपका येतो की काय, इथपर्यंत वेळ आली होती. आणि त्याच दिवसांत वेल्समध्ये मेनाई सामुद्रधुनीवर त्याच्या ब्रिटानिया पुलाचं काम चालू होतं. आतून आगगाडी जाईल अशा लोखंडी पत्र्याच्या प्रचंड चौकोनी नळ्या, मधला एकेक गाळा 460 फुटांचा. असं काही त्याआधी कुणी केलेलं नव्हतं.

त्या काळाबद्दल त्याने पुढे सांगितलेली आठवण मला कुठल्याही चरित्रातल्या कौतुकापेक्षा मोलाची वाटते. रात्रभर तो तळमळत पडायचा. नळ्या डोक्यात घेऊन झोपायचा आणि त्यांच्यासकटच उठायचा. पहाटेच्या करड्या उजेडात खिडकीतून चौकाकडे बघितलं की समोरच्या रांगेतली घरं भलतीच लांब वाटायची. लगेच मनात यायचं, जवळजवळ एवढाच आपला गाळा आहे! माणूस घरात आहे, पडदा सारून बाहेर बघतोय, आणि समोरचा चौकसुद्धा त्याला चौक म्हणून दिसत नाही.

याला नुसतं दुखणं म्हणून मोकळं होता येत नाही. नळी पाण्यातून वर उचलताना तिच्याखाली इंचाइंचाने आधार रचत जायचा, अशी त्याची सक्त सूचना होती. काम रेंगाळवणारी सूचना. 17 ऑगस्ट 1849 रोजी उचलणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं सिलिंडर फुटलं. नळी काही इंचच खाली आली; आधार नसता तर पूर्ण उंचीवरून कोसळली असती. डोकं बंद न होणाऱ्या माणसाची ती सूचना होती. पूल मार्च 1850मध्ये सुरू झाला, आणि यॉट आली तीही त्याच वर्षी.

'टायटॅनिया'वर पत्रं पोचत नसत, भेटायला येणारे पोचत नसत. ऑगस्ट 1851मध्ये तिने 'अमेरिका' या गाजलेल्या यॉटशी शर्यत लावली आणि हरली. ती जळल्यावर स्टीफन्सनने त्याच नावाची दुसरी, आधीपेक्षा मोठी बांधून घेतली. 1856 साली ती पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाला टेनेरिफच्या डोंगरावरून तारे बघण्यासाठी वापरायला देऊन टाकली. पण यॉट नांगर कुठे टाकायची? अलेक्झांड्रियाला, जिथून कैरोपर्यंतची रेल्वे त्याचीच. नॉर्वेत, जिथला पहिला मोठा रेल्वेमार्ग त्याचाच. दुसऱ्यांनी वाजवायची कडी त्याने काढून टाकली होती, आतून वाजणारी राहिलीच होती.

त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी ब्रुनेल याला तर कडी हवीच होती. दिवसाला चाळीसेक सिगार, झोप जेमतेम चार तास, आणि प्रवासातही काम करता यावं म्हणून खास बनवून घेतलेली घोडागाडी. निवृत्तीसाठी त्याने टॉर्कीजवळ वॉटकोम इथे जमीन घेतली आणि झाडं कुठे कोणती लावायची हे पुलाच्या नकाशाइतक्याच बारकाईने ठरवलं. त्या घरात राहणं मात्र त्याच्या नशिबी नव्हतं. 1858च्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याला सक्तीच्या विश्रांतीसाठी इजिप्तला धाडलं. तिथे नाताळच्या दिवशी कैरोत तो आणि स्टीफन्सन एकत्र जेवले. दोघेही आजारी. पुढच्या वर्षी 15 सप्टेंबरला ब्रुनेल गेला, वय 53. नॉर्वेहून 'टायटॅनिया'वरूनच आजारी परतलेला स्टीफन्सन 12 ऑक्टोबरला गेला, छपन्नाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी. तिसरा मोठा रेल्वे इंजिनिअर जोसेफ लॉक 1860च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमध्ये मोफॅटला वारला. तो तिथे शिकारीच्या सुट्टीवर होता.

इंजिनिअर या शब्दाला तेव्हा आणखी एक अर्थ होता: कारखान्यात यंत्रं घडवणारा कारागीर. या इंजिनिअरांच्या संघटनेने 1851 संपता संपता जाहीर केलं, की नेहमीचा ओव्हरटाइम आणि नगावारी काम आता बंद. मालकांनी जानेवारी 1852मध्ये कारखान्यांना टाळी ठोकली, आणि वसंतापर्यंत कारागीर हरले. नऊ तासांचा दिवस न्यूकॅसलच्या कारागिरांनी मिळवला तो 1871 साली, पाच महिने संप करून. त्यांना घड्याळ हवं होतं. मोठ्या इंजिनिअरांनी कुणाकडे काय मागायचं? त्यांचे मालक तेच.

आता आपल्याकडे येऊ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर स्टीफन्सन, आणि इथला मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. मुंबई-ठाणे गाडी 1853 साली धावली ती बर्कलीच्या देखरेखीखाली. मग भोर घाट: पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे, आणि कॉलऱ्याने, तापाने मरणारे मजूर, ज्यांच्या सुट्टीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. बर्कलीकडे यॉट नव्हती. तब्येत पार ढासळल्यावर 1861 साली तो मायदेशी परतला. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्यांची नेहमीची वाट तेव्हा इजिप्तमधून होती, आणि तिचा कैरो ते अलेक्झांड्रिया हा टप्पा स्टीफन्सनच्या रुळांवरून जायचा. ऑगस्ट 1862मध्ये बर्कली वारला, वय 42. भोर घाटातून पहिली गाडी गेली 21 एप्रिल 1863 रोजी.