जंगल सफारीची बॅग कशी भरावी? मोहाडीजवळच्या कोका-नागझिऱ्यापासून आफ्रिकेच्या मसाई मारापर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीहून पहाटे निघालं, तर तास-दीड तासात कोका अभयारण्याचं प्रवेशद्वार गाठता येतं. तुमसर-तिरोड्याकडून गेलं तर नागझिऱ्याचं चोरखमारा गेट, साकोलीकडून गेलं तर पिटेझरी गेट. वाघाचं जंगल इतकं जवळ असल्यामुळे सफारीची तयारी बहुतेक जण आदल्या रात्री दहा मिनिटांत उरकतात. मग गेटवर कळतं की ओळखपत्राची झेरॉक्स चालत नाही, डिसेंबरच्या उघड्या जिप्सीत साधा स्वेटर पुरत नाही आणि मे महिन्यात एक लिटर पाणी तासाभरात संपतं.

आता भंडारा, गोंदिया, नागपूरकडची कुटुंबंही केनिया, टांझानियाच्या सफारीला जाऊ लागली आहेत. तिथे विसरलेली वस्तू आणायला कोणी घरी परत येऊ शकत नाही. एक कागद राहिला, तर परतताना भारताच्या विमानतळावरच काही दिवस अडकून पडावं लागू शकतं. म्हणून दोन्ही सफारींसाठी काय घ्यावं, काय घरी ठेवावं आणि त्यामागचं कारण काय, हे इथे समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- मूळ ओळखपत्र आणि बुकिंगची प्रत सगळ्यात आधी बॅगेत ठेवा.
- कपडे मातकट, खाकी किंवा सुकलेल्या पानांच्या रंगाचे. एकावर एक घालता येतील असे.
- स्टीलची किंवा तांब्याची पाण्याची बाटली, ओआरएस आणि रोजची औषधं.
- दुर्बीण. शक्य असल्यास दोघांत एक.
- आफ्रिकेसाठी यलो फीवरचं पिवळं कार्ड, मलेरियाच्या गोळ्या आणि चाकं नसलेली मऊ बॅग.
- घरी ठेवायच्या वस्तू: अत्तर, भडक कपडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, ड्रोन.

आधी जंगल कोणतं ते पाहा

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका अभयारण्य मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशभर गाजलेला ‘जय’ वाघ याच नागझिऱ्यातून शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गेला होता.

हे पानगळीचं दाट जंगल आहे. इथे प्राणी क्षणभर दिसतो आणि झाडीत नाहीसा होतो. केनियातलं मसाई मारा किंवा टांझानियातलं सेरेंगेटी म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली गवताळ माळरानं. तिथे सिंह अर्धा किलोमीटर अंतरावरूनही दिसतो. एकीकडे सावली आणि कमी उजेड, दुसरीकडे मोकळं रान आणि धूळ. दुर्बिणीपासून कपड्यांपर्यंतचे बहुतेक फरक यातूनच येतात.

कपडे: रंग का महत्त्वाचा?

चितळ, सांबर यांच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा यातला फरक नीट कळत नाही. म्हणूनच आपल्याला लख्ख केशरी दिसणारा वाघ चितळाला झाडोऱ्यात मिसळून गेलेला वाटतो. निळा रंग मात्र त्यांना चांगला दिसतो. पांढरा कपडा उन्हात चमकतो आणि थोड्या हालचालीनेही प्राणी सावध होतो. त्यामुळे खाकी, तपकिरी, राखाडी, मळकट हिरवा हे रंग सोयीचे.

आफ्रिकेत रंगाला आणखी एक कारण आहे, त्से-त्से माशी. ही चावरी माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडायचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच बनवतात. तिच्या चाव्यातून निद्रारोग होऊ शकतो. पर्यटकांना तो क्वचितच होतो, पण चावा कपड्यावरूनही बसतो आणि चांगलाच झोंबतो. त्यामुळे सफारीच्या दिवशी गडद निळी जीन्स नको.

लष्करी ठिपक्यांचे कपडे भंडाऱ्याच्या आठवडी बाजारातही मिळतात आणि ‘जंगलाचे कपडे’ म्हणून हौसेने घेतले जातात. झिंबाब्वे, झांबिया, युगांडा या देशांत सामान्य माणसाने असे कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे. टोपी किंवा बॅगही त्या छापाची नको.

थंडीचा अंदाज इथेच चुकतो

आफ्रिका म्हणजे रणरणतं ऊन, असा समज असतो. मेमध्ये ४५ अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या मोहाडीकराला वाटतं, याहून काय वेगळं असणार? पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. मसाई माराही दीड हजार मीटरच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात त्या हंगामात, तिथली पहाट १२ अंशांच्या आसपास असते. टांझानियातल्या गोरोंगोरो विवराच्या काठावर तर याहून कडक थंडी पडते.

उपाय आपल्याकडच्या डिसेंबरसारखाच आहे. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. दहा वाजेपर्यंत एकेक थर उतरवत जायचा. कानटोपी आणि हातमोजे डिसेंबर-जानेवारीच्या नागझिऱ्यातही हवेतच, कारण पळत्या उघड्या जिप्सीत वाऱ्यामुळे थंडी दुप्पट बोचते.

मोठ्या घेराची टोपी दिसायला छान, पण वाऱ्याने उडते. ती उचलायला गाडीखाली उतरता येत नाही. विदर्भात घरोघरी असलेला सुती दुपट्टा यासाठी सर्वांत उत्तम: डोकं, कान, तोंड सगळं झाकतो, धूळ अडवतो, ओला केला तर गारवा देतो. आफ्रिकेतल्या बारीक धुळीतही तो तितकाच कामाला येतो.

पाणी, ऊन आणि औषधं

वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त, कारण प्राणी पाणवठ्यावर येतात. पण विदर्भातली दुपारची सफारी म्हणजे तीन-चार तास तापलेल्या लोखंडी गाडीत बसणं. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची जुनी पद्धत आहे. कांद्याने नुकसान काही नाही, पण तो शरीरातलं पाणी भरून काढत नाही. ते काम पाणी आणि मीठ-साखर करतात. माणशी किमान दोन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं ठेवावीत. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर चालकाला लगेच सांगावं. तशा वेळी वाघासाठी थांबणं जिवावर बेतू शकतं.

सोबत असावं: रोजच्या गोळ्या, बँडेज, जंतुनाशक मलम, डास पळवणारं मलम आणि ॲलर्जीची डॉक्टरांनी दिलेली गोळी. पाठदुखी असलेल्यांनी छोटी उशी घ्यावी, जिप्सीचे धक्के कंबरेत बसतात. जंगलात ठरलेल्या थांब्याखेरीज उतरता येत नाही. त्यामुळे लहान मुलं, मधुमेही आणि पाळी सुरू असलेल्या महिला यांनी निघण्याआधी सोय पाहून घ्यावी. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून परत आणण्यासाठी वेगळी पिशवी ठेवावी.

अत्तर आणि सुगंधी तेल लावू नये. वाऱ्यावर वास पसरतो आणि आग्या मोहोळाच्या माश्याही तीव्र वासाने चिडू शकतात.

आफ्रिकेचं पिवळं कार्ड

संपूर्ण यादीत सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. केनिया, युगांडा यांसारखे देश यलो फीवर म्हणजे पीतज्वराच्या पट्ट्यात येतात. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, तोच डेंग्यूचा डास. म्हणून या देशांतून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचं वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.

- लस सरकारमान्य यलो फीवर केंद्रातच घ्यावी लागते. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. जवळचं केंद्र शोधून आधी वेळ घ्यावी.
- प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. आदल्या आठवड्यात घेतलेली लस उपयोगाची नाही.
- एकदा घेतलेल्या लसीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.
- गरोदर महिला, ६० वर्षांवरील व्यक्ती, अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये.

हे कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवावं. मोठ्या बॅगेत ठेवलं आणि बॅग हरवली, तर कार्डही गेलं.

मलेरियावर प्रतिबंधक गोळ्या असतात. काही गोळ्या प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायच्या असतात, तर काही परतल्यावर चार आठवडे. कोणती गोळी कोणाला, हे डॉक्टर ठरवतील. घरी आल्यावर ताप आला, तर आफ्रिकेला जाऊन आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

बॅग कशी असावी?

नैरोबीहून मसाई मारात जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारण १५ किलोचीच मुभा असते आणि त्यात हातातली बॅगही मोजतात. सामानाचा कप्पा लहान, त्यामुळे कडक कवचाची चाकांची सुटकेस बसत नाही. कापडी, मऊ बॅग घ्यावी. बऱ्याच लॉजमध्ये कपडे धुऊन मिळतात, म्हणून सात दिवसांसाठी तीन-चार जोड पुरतात.

आतलं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नये. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियाने जून २०१९ पासून या पिशव्यांवर बंदी घातली आहे, ती प्रवाशांनाही लागू आहे. केनियातल्या राष्ट्रीय उद्यानांत जून २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. घरातल्या जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्या या कामाला उत्तम.

खाऊत चिवडा, शंकरपाळे, शेंगदाण्याचे लाडू टिकतात. ताजी फळं, भाज्या, बियाणं मात्र नेऊ नये, विमानतळावर जप्त होतं. आणि खाऊ कुठल्याही जंगलात प्राण्यांना देऊ नये. माकडाला एकदा चिवड्याची चव लागली की ते पुढच्या गाडीतल्या मुलाच्या हातातून तो हिसकावतं.

दुर्बीण, कॅमेरा, चार्जर

दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दाट, अंधाऱ्या नागझिऱ्यात ८ × ४२ चांगली, कारण चित्र स्थिर आणि उजळ दिसतं. मोकळ्या माळरानावर १० × ४२ ही चालते.

कॅमेरा टेकवायला कापडी पिशवी शिवून घ्यावी. नागझिऱ्याला जाताना त्यात घरचा तांदूळ भरावा, भंडाऱ्यात त्याला तोटा नाही. आफ्रिकेला पिशवी रिकामी न्यावी आणि तांदूळ तिथे विकत घ्यावा. वजनही वाचतं आणि धान्य सीमेपार नेण्याचा प्रश्नही येत नाही.

केनियातल्या प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, म्हणून ॲडॅप्टर हवा. विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने कन्व्हर्टर लागत नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच न्यायच्या असतात.

मोबाइल खिशातच का राहावा?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. त्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर विदर्भातल्या जंगलांत सफारीदरम्यान मोबाइल वापरण्यावर कडक निर्बंध आले.

कारण सरळ आहे. मोबाइलला लांबचं टिपता येत नाही, म्हणून गाडी जवळ न्यायचा आग्रह होतो. एका गाडीने दुसरीला फोनवरून कळवलं की दहा गाड्या जमतात. आई आणि पिलं यांच्यामध्ये गाडी आली, तर धोका दोघांनाही. म्हणून बॅगेत दुर्बीण ठेवायची आणि मोबाइल बंद करायचा. ड्रोन तर भारतातल्या अभयारण्यांत आणि केनियातल्या उद्यानांत परवानगीशिवाय चालतच नाही.

निघण्याआधीची शेवटची उजळणी

कोका-नागझिऱ्यासाठी: बुकिंगमध्ये नोंदवलेलं मूळ ओळखपत्र, बुकिंगची प्रत, पाणी, दुपट्टा, ऋतूप्रमाणे गरम कपडे, औषधं, दुर्बीण, कचरा परत आणायची पिशवी. आठवड्याची सुट्टी आणि पावसाळ्यातली बंदी तपासूनच तारीख ठरवावी. गाभा क्षेत्र साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असतं.

आफ्रिकेसाठी याशिवाय: किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, व्हिसा किंवा प्रवास परवानगी (केनियासाठी २०२४ पासून ती ऑनलाइन घ्यावी लागते), पिवळं कार्ड, मलेरियाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, प्रवास विमा, ॲडॅप्टर, मऊ बॅग.

परदेशी जायचं ठरलं असेल, तर त्याआधी एकदा हीच बॅग घेऊन कोक्याची पहाटेची सफारी करून पाहावी. कोणता स्वेटर अपुरा पडतो, कोणती वस्तू हाताशी हवी आणि कोणती उगाच वाहून नेली, हे चार तासांत कळतं. इथे चुकलं तर संध्याकाळपर्यंत घरी येऊन बॅग पुन्हा भरता येते.